चकमकीवाचून धार



आपल्यापैकी अनेकांच्या माजघरात शहाबादी फरशी असेल. त्याच भीमा खोऱ्यातील चुनखडीच्या थरांवर, पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या सुरपूर भागात, हुणसगीजवळ इसामपूर हे गाव आहे. कालव्याच्या भरावासाठी तेथली माती उपसली गेली आणि आदिमानवाचा कारखानाच उघडा पडला. डेक्कन कॉलेजच्या प्रा. के. पद्दय्या यांनी १९९७ ते २००१ या काळात तेथे उत्खनन केले. प्राण्यांच्या दातांवरून काढलेले त्याचे वय सुमारे १२ लाख वर्षे भरते.

पाश्चात्त्य ग्रंथ वाचून आपली समजूत होते की, दगडी हत्यार म्हणजे चकमकीचे. इतर दगडांची ती ओबडधोबड, आणि करणाराही तसाच. इसामपूरच्या माणसापुढे होती सिलिकायुक्त चुनखडी. केरी शिप्टन, मायकेल पेट्राग्लिया आणि पद्दय्या यांनी त्याच दगडावर स्वतः घाव घालून हातकुऱ्हाडी घडवून पाहिल्या व २००९ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या हातून पडलेले टवके जुन्या टवक्यांशी ताडून पाहायचे, म्हणजे घडवण्याचा क्रम उलगडतो.

मलाही मोह आवरला नाही. उरलेल्या फरशीचा जाड तुकडा आणि नदीतला काळ्या फत्तराचा गोटा घेऊन अंगणात बसलो. पहिला घाव मध्यावर. फरशीचे दोन तुकडे, छिलका एकही नाही. दुसऱ्या घावाला अंगठ्याचे नख काळे झाले. (डोळ्यांना चष्मा होता, एवढेच शहाणपण!) पुढे कळले की घाव काठाशीच बसावा लागतो, आणि काठाचा कोन काटकोनाहून लहान हवा. मग कुठे एक पातळ टवका सुटला. त्याने सुतळी कापली. पण लवकरच धार बोथटली. एक मात्र पटले: नेमक्या जाडीची लादी निवडली की निम्मे काम झालेले असते. इसामपूरला लाद्या आपसूकच सुट्या होत होत्या. तिथे जागा निवडणाऱ्याला ओबडधोबड म्हणण्याची माझी तरी आता छाती नाही.

सायंकाळी टवक्यांचा ढीग मोजायचा म्हणून तसाच ठेवला. सकाळी अंगण स्वच्छ होते. झाडणाऱ्या बाईंनी तो खडी समजून रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकला होता.