रायफलची दुर्बीण: निवड आणि झिरो

रायफलवर बसवायच्या दुर्बिणीला नेमबाज ‘स्कोप’ म्हणतात. लक्ष्य मोठे दिसावे म्हणून स्कोप लावतात, हा समज अर्धाच खरा आहे. उघड्या साइटने नेम धरताना मागची खाच, पुढचा काटा आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. स्कोपमध्ये लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली, म्हणजे रेटिकल, एकाच पातळीवर दिसतात. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला स्कोपचा जो आराम वाटतो तो मुख्यतः यामुळे.

सगळ्याच स्पर्धांत स्कोप चालत नाही. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन या प्रकारांत दुर्बिणीला मनाई आहे. तिथे मागे बारीक छिद्राची पीप साइट असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे विश्वविजेतेपद आणि स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिसचे कांस्यपदक अशाच साइटवरचे आहे. स्कोपला जागा आहे ती बेंचरेस्ट, फील्ड टारगेट यांसारख्या प्रकारांत आणि हौसेच्या सरावात. भारतात असा सराव बहुधा .१७७ एअर रायफलवर सुरू होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पुढील विवेचन अशा रायफलला आणि १० ते ५० मीटर अंतराला धरून आहे.

स्कोपवर ‘३-९×४०’ असे लिहिलेले असते. प्रतिमा तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे, असा त्याचा अर्थ. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: नऊ पटीला सुमारे ४.४ मिलिमीटर, तीन पटीला १३. झोत जितका बारीक, तितका डोळा अचूक जागी ठेवावा लागतो. कमी पैशांत २४ पटीचा स्कोप मिळतो खरा, पण वरच्या पटींना त्याची प्रतिमा अंधारते, कडा धूसर होतात, आणि नेमबाजाला स्वतःच्या हाताची थरथर इतकी मोठी दिसते की तो घाईने चाप ओढतो. ५० मीटरच्या आत ३-९ किंवा ४-१२ पट पुरते. पैसे खरे घालवायचे ते दुसऱ्या दोन गोष्टींवर.

त्यातली पहिली पॅरॅलॅक्सची. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच पातळीवर येतात ते एका ठरावीक अंतरालाच. इतर अंतरांवर डोळा किंचित बाजूला सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकते. परीक्षा सोपी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, हात न लावता डोकावावे आणि डोके हळूच डावी-उजवीकडे हलवावे. फुली काळ्या वर्तुळावर पोहताना दिसली तर पॅरॅलॅक्स आहे. बंदुकांसाठीचे बरेच साधे स्कोप १०० यार्डांना जुळवून कायमचे बंद केलेले असतात. १०० मीटरला जुळवलेला ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला, तर डोळा अगदी कडेला गेल्यास चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते. दहा मीटरच्या एअर रायफल टारगेटवर एका गुणाचे कडे २.५ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे सात गुण हातचे गेले. म्हणून पुढच्या कड्यावर किंवा डाव्या बाजूला फोकस फिरवण्याची सोय असलेला, १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्यावा. या एका सोयीसाठी चार पैसे जास्त पडले तरी ते सार्थकी लागतात.

दुसरी गोष्ट मजबुतीची. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते, आणि दट्ट्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो तेव्हा ती पुढे हिसका खाते. मोठ्या बंदुकीचा धक्का कितीही जबर असला तरी तो मुख्यतः एकाच दिशेचा असतो. त्यासाठी बांधलेल्या स्कोपची भिंगे या उलट हिसक्याने सैल होतात. खरेदी करताना ‘स्प्रिंग रायफलवर चालेल का’ हा प्रश्न आधी विचारावा. हवा भरून ठेवायच्या पीसीपी रायफलला ही अडचण नाही. स्प्रिंग रायफलच्या त्याच पुढच्या हिसक्यात स्कोप जागच्या जागी राहू पाहतो आणि तो बसवलेल्या खाचेवरून मागे घसरतो. म्हणून ११ मिलिमीटरच्या खाचेवर एकसंध माउंट आणि त्याला अडवणारी खीळ हवी.

बसवताना डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे सरकवावा. डोळ्यापासूनचे अंतर साधारण ७५ ते ९० मिलिमीटर येते. फुली सरळ करण्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. तो २५ मीटरवर टांगून, रायफल तिरकी नाही याची खात्री करून, उभी रेघ दोरीशी जुळवावी. फुली कललेली राहिली तर एका अंतराला नेम बसतो आणि दुसऱ्याला बाजूला जातो. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. जोर लावला तर स्कोपची नळी चेपते.

मग झिरो, म्हणजे फुली जिथे, छर्रा तिथे. वारा पडलेला असावा, मागे छर्रा अडवणारी भक्कम आड असावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि छर्रे एकाच डबीतले असावेत. स्प्रिंगची रायफल पिशवीवर थेट टेकवू नये. पिशवीवर हात, उघड्या तळव्यावर रायफल, पकड सैल. आवळून धरली की दर वेळी वेगळी उडते. पहिले छर्रे १० मीटरवरून झाडावेत, म्हणजे निदान कागदावर लागतात. तिथे ढोबळ जुळले की २५ मीटरवर जावे.

एका छर्ऱ्यावरून स्कोप कधीही फिरवू नये. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप घ्यावा आणि त्याच्या मध्यापासून मोजावे. बहुतेक स्कोपच्या टरेटचा, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीचा, एक क्लिक कोनाच्या पाव मिनिटाचा असतो. एक मिनिट १०० मीटरवर २९ मिलिमीटर भरते. म्हणून एक क्लिक १०० मीटरवर ७.३, ५० वर ३.६, २५ वर १.८ मिलिमीटर. समजा २५ मीटरवर ग्रुप २७ मिलिमीटर खाली आणि ९ मिलिमीटर उजवीकडे आहे. मग १५ क्लिक वर, ५ क्लिक डावीकडे. टरेटवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, फुली कुठे जाईल ते नव्हे. नवशिके हमखास इथेच उलटे फिरवतात.

स्वस्त स्कोपची खरी पारख यानंतर होते. एकाच ठिपक्यावर नेम धरून एक ग्रुप घ्यावा. मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर ग्रुप. कागदावर सुमारे ३६ मिलिमीटरचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच बसला पाहिजे. चौकोन थोडा लहान-मोठा आला तर क्लिकचे माप छापल्यापेक्षा वेगळे आहे एवढेच. ते लक्षात ठेवून काम भागते. शेवटचा ग्रुप परत जागी आला नाही, तर काच कितीही लख्ख असो, तो स्कोप परत करावा.

ग्रुपच पसरत असेल तर दोष लगेच स्कोपवर ढकलू नये. आधी दस्त्याचे स्क्रू, मग माउंट, मग दुसऱ्या वजनाचे छर्रे. हे सगळे झाल्यावरही ग्रुप आवळला नाही तर स्कोप उतरवून उघड्या साइटने पाच छर्रे झाडावेत. तिथे ग्रुप नीट आला तरच स्कोपकडे बोट दाखवावे.

स्कोप नळीच्या वर सुमारे ४ सेंटिमीटर असतो. म्हणून छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, ती ओलांडून वर जातो आणि पुढे पुन्हा खाली येतो. २५ मीटरला झिरो केलेली रायफल १० मीटरवर काही मिलिमीटर खाली मारते. दर पाच मीटरला एक ग्रुप घेऊन हा फरक वहीत मांडून ठेवावा. सोबत छर्ऱ्याचे नाव, वजन आणि तारीख. झिरो पक्का झाला की टरेटची चकती मोकळी करून शून्यावर आणावी आणि टोपणे घट्ट लावावीत. छर्ऱ्याची जात बदलली, स्कोप काढून पुन्हा बसवला, किंवा रायफल लांबच्या प्रवासातून आली, की पाच छर्ऱ्यांचा एक ग्रुप घेऊन वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावा.