गाडीचा ताप आणि ताप सांगणारा काटा



आज आपण गाडीच्या तापाविषयी बोलू. माणसाला ताप आला की तो कण्हतो, अंथरूण धरतो. बैल दमला की धापा टाकतो, तोंडाला फेस आणतो. गाडीवान ते पाहतो आणि जू सोडतो. मोटारगाडी काही बोलत नाही. तिच्या वतीने एक काटा बोलतो. तुम्ही आता अक्षरे वाचता, मग काटा वाचणे काही अवघड नाही.

हल्ली आमच्या भागात आळीआळीला एक पिकअप गाडी उभी दिसते. टोमॅटो, कांदा, चाऱ्याच्या पेंढ्या, लग्नाचे सामान, सगळे तिच्यावरच जाते. कोणी बँकेचे कर्ज काढून ती घेतली, तर कोणी घरच्या लक्ष्मीचे दागिने गहाण टाकून. अशी गाडी एका दुपारी तापली आणि इंजिन जाम झाले, तर सारा हंगाम बुडतो. गाडी दारात उभी राहते, पण हप्ता उभा राहत नाही. म्हणून बायांनीही हे नीट ऐकावे. दागिने त्यांचे आहेत.

आधी हा ताप येतो कुठून ते पाहू. इंजिनात डिझेल जळते. त्यातून जी शक्ती निघते तिचे ढोबळ तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवतो. एक वाटा धुराबरोबर नळीतून जातो. तिसरा वाटा इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन राहतो. तो बाहेर काढावाच लागतो. त्यासाठी इंजिनाच्या पोकळीतून पाणी खेळवतात. हे पाणी उष्णता घेऊन पुढच्या जाळीत येते. तिला रेडिएटर म्हणतात. तिथे वारा लागतो, पाणी निवते आणि पुन्हा आत जाते. दिवसभर हेच रहाट चालू असते.

आता मे महिन्यातला कुंभार्ली घाट डोळ्यांपुढे आणा. चिपळूणकडून आंब्याच्या पेट्या भरून गाडी कराडकडे निघाली आहे. चढ आहे, वजन आहे. गाडी दुसऱ्या गियरमध्ये रखडत चालली आहे. इंजिन जोरात फिरते, डिझेल जास्त जळते, म्हणजे उष्णता जास्त. वेग मात्र कमी, म्हणजे समोरून वारा कमी. त्यात समुद्राकडचा वारा पाठीवर असला, तर जाळीला वारा मिळायचा तो केवळ पंख्याचा. गाडी सपाटीवर तापत नाही आणि घाटात तापते, त्याचे कारण हे. त्यात भूतबाधा नाही आणि लिंबू-मिरचीचा उपायही नाही. उलट काही लोक जाळीपुढे नावाच्या पाट्या, हार आणि गोंडे टांगतात. आईवडिलांचा आशीर्वाद जरूर असावा, पण त्याची पाटी वारा अडवील अशी नसावी.

काटा कसा वाचायचा? बहुतेक गाड्यांत त्याच्या एका टोकाला इंग्रजी 'सी' हे अक्षर असते. ते थंडाचे. दुसऱ्या टोकाला 'एच' असते. ते गरमाचे. गाडी सुरू केल्यावर काटा हळूहळू वर येतो आणि मध्याच्या आसपास थांबतो. आपल्या गाडीचा काटा रोज कुठे थांबतो ते ध्यानात ठेवा. तेच तिचे घर. काटा घर सोडून वर सरकू लागला की समजावे, काही तरी बिघडते आहे. 'एच'ला टेकेपर्यंत वाट पाहू नये.

आणि एक गोष्ट पुष्कळ ड्रायव्हरांना ठाऊक नसते. हा काटा कधी कधी फसवतो. त्याला खबर देणारे बोंड पाण्यात बुडलेले असते. नळी फुटून सगळे पाणी वाहून गेले, तर ते बोंड कोरडे पडते. मग त्याला खरा ताप कळत नाही. इंजिन भाजत असते आणि काटा खाली दिसतो! शिवाय काही नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, की थोड्याफार चढउताराने तो हलत नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून ज्यांची गाडी रोज घाट चढते, त्यांनी आणखी एक काटा बसवून घ्यावा असे आमचे मत आहे. तो आकड्यांचा असावा. पाणी ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असले की इंजिन खुशाल असते. ते १०५ च्या पुढे चढू लागले, की थांबायची जागा शोधावी. ठरावीक आकड्याला भोंगा वाजेल असे यंत्रही मिळते. आणखी चांगले म्हणजे इंजिनाच्या धातूचा ताप मोजणारे यंत्र. त्याची कडी इंजिनाच्या बोल्टाखाली दाबून बसवतात. पाणी सरले तरी धातूचा ताप त्याला कळतो. बसवताना मिस्त्रीला दोन गोष्टी सांगा. तारेला फ्यूज लावायचा, आणि तार धुराच्या नळीपासून लांब न्यायची.

काही गाड्यांना गियर हाताने टाकावे लागत नाहीत, ते आपोआप पडतात. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांपासून ही सोय रुळत गेली. तिकडच्या पिकअप बहुधा अशाच असतात. आपल्याकडेही काही महागड्या पिकअप तशा मिळतात. त्यांत इंजिनाची शक्ती तेलातून गियरपेटीकडे जाते. ओझे ओढताना ते तेल घुसळले जाते आणि तापते. ताकाची रवी लोण्यासाठी फिरते, इथे मात्र घुसळण्यातून निघते ती उष्णता. म्हणून ते तेल बारीक नळीने रेडिएटरच्या कुशीत आणून थंड करतात. जे लोक मागे जड ट्रेलर जोडतात, ते पुढे आणखी एक छोटी जाळी बसवून घेतात आणि तेलाचा वेगळा काटाही लावतात. तेल फार तापले की काळे पडते, जळका वास येतो आणि आतल्या पट्ट्या घसरू लागतात. आपल्या साध्या पिकअपला हाताचे गियर आहेत. तिला ही तेलाची जाळी लागत नाही. कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता मुख्य सांगायचे ते असे. गाडी तापली की रेडिएटरचे झाकण उघडू नका.

प्रेशर कुकर घरात सर्वांनी पाहिला आहे. शिट्टी काढल्याशिवाय बाया त्याचे झाकण उघडत नाहीत. रेडिएटर तसाच आहे. आतले पाणी दाबाखाली असते. १०० अंशांच्या वर गेले तरी ते उकळत नाही. झाकण काढले की दाब एकदम जातो, त्या क्षणी पाणी उकळून उसळते आणि तोंडावर येते. आमच्या माहितीतल्या एका तरुणाने घाटात असेच झाकण फिरवले. त्याची मान, छाती आणि हात भाजले. गाडी दोन दिवसांत नीट झाली. तो महिनाभर पालथा झोपत होता.

तर काय करावे? गाडी कडेला घ्या. चाकाला दगड लावा. वाफ येत असेल तर इंजिन बंद करा. निदान अर्धा तास सावलीत बसा. मालकाचा फोन आला तरी बसा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. नळी हाताला सोसवेल इतकी निवली, की जाड फडके धरून झाकण थोडेसे फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. पाणी हळूहळू घाला. एवढे करूनही कोणी भाजलेच, तर भाजल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. दवाखान्यात न्या.

राहिली पाण्याची गोष्ट. विहिरीचे पाणी घालू नये. बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तो आपण पाहतो. तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि त्या बुजतात. कंपनीने सांगितलेले कुलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी यांचे मिश्रण घालावे. त्याने गंज धरत नाही आणि उकळी उशिरा येते. रोज सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी पाहावी. ती रोज उतरत असेल तर गळती शोधावी. इंजिनाचे तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर पाणी तेलात शिरले आहे. मग गाडी सुरूच करू नये, मिस्त्रीला बोलवावे.

कुलंट रंगीत आणि चवीला गोड असते. पण बहुतेक कुलंट विषारी आहे. जुने कुलंट काढाल तेव्हा अंगणात सांडू नका. कुत्रे चाटते, वासरू तोंड घालते, पोर बोट बुडवते. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्या. रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला घरात वापरू नका.