ठेकेदाराच्या खिशातील हजेरी



बांधकाम ठेकेदाराच्या हाती मोबाईलने जी नवी साधने दिली, त्यांवर मी बोलावे असे चालकांनी सुचवले. कामगार संघटनेच्या माणसाने ठेकेदाराच्या साधनांवर बोलायचे, याचे काहींना हसू येईल. पण माझी तीस वर्षे ठेकेदाराच्या दाराशी उभे राहण्यात गेली. त्याच्या खिशात काय आहे, हे मला ठाऊक नको काय?

माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला मी शिकलो ते मस्टरवर. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली रोजगार हमीची कामे आमच्या भागात पुढेही चालत. आई खडी फोडी आणि मी पाणी भरी. मुकादम हजेरी मांडताना मी त्याच्या खांद्यावरून डोकावत असे. आईचे नाव ही मी ओळखलेली पहिली अक्षरे. एका आठवड्यात सहा दिवस काम करून नावापुढे पाचच रेघा दिसल्या, तेव्हा मी आईला सांगितले. आई म्हणाली, "गप बस, लिहिणारा तो आहे." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आज माझे सारे म्हणणे त्या एका वाक्याभोवतीच आहे.

आधी साधनांचे गुण सांगतो, कारण चांगल्याला चांगले म्हणावे. पूर्वी सळईचे वजन काढायचे तर जुना फिटर सांगे : व्यासाचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. बारा मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते. आता फोनमध्ये व्यास आणि लांबी घातली की गाडीभर सळईचे वजन क्षणात येते. एक, दीड, तीन या प्रमाणाच्या एक घनमीटर काँक्रीटला सिमेंटची सुमारे आठ पोती लागतात, हेही फोन सांगतो. नकाशा कागदावर फाटत असे, तो आता पडद्यावर मोठा करून पाहता येतो. मजुरी यूपीआयने थेट खात्यात पडते. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या प्रकल्पाचा प्रवर्तक कोण, काम कुठवर आले, पुरे कधी व्हायचे, हे कोणालाही पाहता येते. उपठेकेदार हात वर करतो तेव्हा खरा मालक शोधायला आम्हीही तेच पान उघडतो.

काही साधने मात्र खेळण्यातली आहेत. फोन भिंतीला टेकवून लेव्हल पाहणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, ती पाठ सपाट कुठली? आमचा गवंडी पाण्याची नळी धरतो. नळीत बुडबुडा नसला तर दोन्ही टोकांचे पाणी खोटे बोलत नाही.

आता हजेरीकडे येतो. आज अनेक छोटे ठेकेदार हजेरी फोनवर मांडतात. नावापुढे बोट टेकवले की दिवस भरला. उचल, खाडा, ओव्हरटाईम सगळे त्यात येते आणि महिनाअखेर हिशेब आपोआप होतो. ठेकेदाराला ही मोठी सोय आहे आणि ती मी नाकारीत नाही. पण पूर्वीच्या चोपडीत खाडाखोड केली तर डाग राहत असे. फोनमधली नोंद पुसली तर मजुराला काय दिसते? काहीच नाही.

२०१९ सालची गोष्ट सांगतो. एक बिगारी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. आम्ही रुग्णालयातून कामावर पोहोचलो तर ठेकेदार शांतपणे म्हणाला, "हा माणूस आमच्याकडे नव्हताच." फोन उघडून त्याने हजेरी दाखवली. त्यात अकरा दिवस राबलेल्या त्या माणसाचे नावच नव्हते. सोबतच्या मजुरांनी तोंडे मिटली. त्यांनाही दुसऱ्या दिवशी काम हवे होते. मग एका पोराने मला बाजूला नेले. ठेकेदार रोज संध्याकाळी कामाची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मालकाच्या इंजिनिअरला पाठवी. काम इतके झाले, बिल काढा, यासाठी. त्या गटात हा पोरही होता. चार छायाचित्रांत आमचा बिगारी डोक्यावर घमेले घेऊन उभा होता, आणि प्रत्येकाखाली तारीख होती. बिलासाठी काढलेले छायाचित्र मजुराची साक्ष झाले. भरपाई मिळाली. हक्काची होती त्याहून कमी मिळाली, कारण घरी चूल पेटवायची होती आणि तो थांबू शकला नाही. यात माझाही दोष आहे. त्या कामावर मी दोनदा जाऊन आलो होतो, पण कोणाच्या हजेरीची नक्कल कोणाकडे आहे, हे विचारले नव्हते.

एका दिवसाच्या हजेरीचे इतके काय, असे आपण विचाराल. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुराला कल्याण मंडळाची वाट उघडली. महाराष्ट्रात ते मंडळ २०११ साली झाले. नोंदणीला अट ही, की मागल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेले असावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितांत सामावला गेला, पण नव्वद दिवसांची अट आणि बांधकामखर्चावरचा उपकर राहिला. पैसा तर जमतोच. देशभर ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमला आणि खर्च सुमारे ९,५०० कोटीच झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात नमूद केले. पैसा मंडळात आणि मजूर बाहेर, याची कारणे पुष्कळ आहेत. पण दारातच अडवणारे कारण हे, की नव्वद दिवस राबलेल्या माणसापाशी नव्वद दिवसांचा कागद नसतो. तो ठेकेदाराच्या खिशात असतो.

यंत्र आणले म्हणजे सचोटी आली, असेही समजू नका. रोजगार हमीच्या कामांवर केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून फोनवरची छायाचित्र-हजेरी सक्तीची केली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावे लागले, की छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जाते. बोटाच्या ठशाचे यंत्र आले तर सिमेंटने झिजलेले गवंड्याचे बोट ते ओळखीना. तेव्हा मी 'यंत्र हटवा' अशी घोषणा दिली होती. आज देणार नाही. आमचे भांडण यंत्राशी नाही. नोंद एकट्याच्या ताब्यात असते, तिच्याशी आहे.

याचे उत्तर महाराष्ट्रात नवे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची, अशी रीत घातली. म्हणून हमालाचा हिशेब मालकाच्या खिशात राहिला नाही. जे तेव्हा कागदावर साधले, ते आज फोनवर साधणे काय कठीण आहे?

म्हणून ठेकेदारबंधूंना माझे तीन शब्द. तुमच्यातले कितीतरी कालचे मिस्त्री आहेत आणि तुमचीही बिले वरचा मालक अडवतो, हे मी जाणतो. पहिले, संध्याकाळी हजेरी लागली की तिचा संदेश त्याच वेळी मजुराच्या फोनवर जावा. फोन नसेल त्याला चिठ्ठी द्या. दुसरे, नोंद बदलली तर जुनी नोंद आणि बदलणाऱ्याचे नाव दोन्ही दिसावीत. तिसरे, वेतनसंहितेने पगारचिठ्ठी देणे बंधनकारक केले आहे. तीत दिवस आणि उचल स्पष्ट लिहा. याने तुमचेही रक्षण होते. मालकाने 'माणसे कमी लावली' म्हणून बिल कापले, तर तुमचा साक्षीदार तुमचा मजूरच असेल.

मजूरबंधूंना सांगतो : रोज संध्याकाळी कामाच्या जागेवर आपला एक फोटो काढा आणि तो घरी बायकोला पाठवा. फोन हरवला तरी नक्कल राहील.

आणि आपण घर बांधून घेणारी मंडळी! ठेकेदाराला फरशीचा भाव विचारता, तेव्हा एकदा हजेरीही दाखवायला सांगा. आपल्या घराच्या भिंतीत ज्याचा दिवस बुडाला, त्याचे नाव निदान आपल्याला माहीत असावे.

आई गेली त्याला बरीच वर्षे झाली. "लिहिणारा तो आहे" या तिच्या बोलण्याला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज उत्तर एवढेच, की लिहिणारा तो असू दे, पण वाचायला दुसरी प्रत आपल्याकडे असली पाहिजे.