भेग रंगाची की लाकडाची?

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझा धंदा सुतारकीचा. नांदेडात दुकान आहे. दारं-खिडक्या, दिवाण, कपाटं करता करता हार्मोनियम दुरुस्तीला येऊ लागल्या. आमच्या गावात गुरुद्वाऱ्यांमुळे कीर्तन बारमाही चालतं, त्यामुळे पेटीचं काम कायम असतं. पण आज मी बोलणार आहे एका इलेक्ट्रिक बेस गिटारच्या फुटलेल्या अंगाबद्दल.

बेस गिटार आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, पण लक्षात राहत नाही. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याच्या मागे, ढोलकीच्या शेजारी एक जण चार जाड तारांची लांब गिटार घेऊन उभा असतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि माणसाच्या उंचीच्या डबल बेसचं काम गळ्यात अडकवता येईल अशा वाद्यावर होऊ लागलं. पुढे ती हिंदी चित्रपटसंगीतात आली आणि तिथून आपल्या गणपती-नवरात्राच्या मंडपात. ती वाजत असते तेव्हा कुणी तिच्याकडे बघत नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ वाटू लागतं.

काही वर्षांपूर्वी १२ एप्रिलला भर दुपारी लातूरहून एक मुलगा एसटीनं आला. चादरीत गुंडाळलेली बेस त्यानं माझ्यासमोर ठेवली. आंबेडकर जयंतीचे दिवस. भीमगीतांच्या पार्ट्यांना मराठवाड्यात या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच दिवसांत हाती येतो. मुलगा म्हणाला, "काका, काहीबी करा, संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जातो. उद्या रात्री कार्यक्रम हाय."

मी बघितलं. पट्टा अडकवायचं बटण असतं ना, त्या खालच्या टोकापासून निघालेली भेग चांगली चार बोटं वर, तारा बांधलेल्या ब्रिजच्या एका स्क्रूपर्यंत गेली होती. आधी कुणीतरी तिच्यात एम-सील भरून वर काळा रंग मारला होता.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आमच्याकडे लहान पोरगंसुद्धा भिंतीकडे बघून विचारायचं, भेग गिलाव्याची आहे की भिंतीची? गिलाव्याची असेल तर निवांत झोपा. भिंतीची असेल तर बाहेर पडा. गिटारलाही पहिला प्रश्न हाच विचारायचा. नुसता रंग तडकला असेल तर भिण्याचं कारण नाही. पण दोन्ही बाजूंनी हलका दाब दिल्यावर भेग उघडझाप करत असेल, तर लाकूडच फाटलंय.

ही उघडझाप करत होती.

दुसरा प्रश्न, ती पडली कशी? हे कळल्याशिवाय चिकटवण्यात अर्थ नाही. चुलीसाठी लाकूड फोडताना आपण पाचर कुठं मारतो? टोकाला, रेषांच्या दिशेनं. बटणाचा स्क्रू नेमका तसाच जातो. मूळचा सैल झाला म्हणून या मुलानं आधी भोक न पाडता त्याहून जाड स्क्रू पिळला होता. म्हणजे पाचरच ठोकली. वर आपला उन्हाळा. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि ते लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त आकसतं. शेवटी टेम्पोतून उतरवताना वाद्य त्याच बटणावर आपटलं. कारणं तीन, दिसणारी भेग एक.

मी त्याला सांगितलं, "आज मिळणार नाही. परवा सकाळी ये." त्याचं तोंड उतरलं. त्या एका रात्रीचं मानधन बुडणार होतं, हे मलाही कळत होतं. पण चार तारांचा एकूण ताण पाऊण क्विंटलच्या आसपास असतो. ओल्या सरसावर तो चढवला तर भेग स्टेजवरच उघडली असती आणि ब्रिज उपटून आला असता. मग एक रात्र नव्हे, सगळा हंगाम गेला असता. तो काही न बोलता परत गेला. मला वाईट वाटलं, पण घाई केली नाही.

तारा थोड्या थोड्या करून चारही सैल केल्या. दांडी, ब्रिज, वायरिंग सुटं केलं. एम-सील बारीक पात्यानं कोरून काढलं, कारण सरस लाकडाला लाकूड जोडतो, मधे कचरा असेल तर त्याचा उपयोग नाही. स्क्रू काढल्यावर बांबूची पातळ चीप घालून भेग केसभर उघडी ठेवली. इंजेक्शनच्या सिरिंजनं लाकडाचा पांढरा सरस आत सोडला आणि दाबून-सोडून तो टोकापर्यंत पोचवला. मग चीप काढली, दोन्हीकडे लाकडी ठोकळे आणि मधे प्लॅस्टिकचा कागद ठेवून शिकंजा आवळला. सरसाची बारीक ओळ सगळीकडून बाहेर आली की थांबायचं. फार आवळलं तर सरसच निघून जातो. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसला आणि चोवीस तास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बटणाचं जुनं भोक साफ करून त्यात सागाची खुंटी चिकटवली. साग आपल्या किनवटकडचा, पण तेलकट. म्हणून सरस लावण्याआधी थिनरनं पुसून घ्यावा लागतो. खुंटी वाळल्यावर स्क्रूच्या आट्या सोडून जेवढी जाडी उरते तेवढं बारीक भोक पाडलं, स्क्रूला मेणबत्ती घासली आणि अलगद बसवला. ब्रिजच्या त्या स्क्रूलाही तेच केलं.

१४ तारखेला सकाळी मुलगा आला. तारा हळूहळू चढवल्या, तासभर तशाच ठेवल्या, पुन्हा सूर मिळवला. भेगेवर त्याला रंग हवा होता. मी मारू दिला नाही. किल्लारीनंतर भिंतीवरच्या भेगांवर सिमेंटचा छोटा ठिपका लावून ठेवायचे. ठिपका तडकला की भेग वाढते आहे हे कळायचं. झाकलेली भेग काही सांगत नाही. त्याला म्हटलं, वर्षभर ही रेघ उघडी दिसू दे. पुढच्या उन्हाळ्यात केसभरही हलली तर घेऊन ये.

त्या रात्री उशिरा फोन आला. मागे ढोलकी चालू होती. "काका, सूर उतरला नाही," एवढंच तो ओरडून म्हणाला. पुढचा उन्हाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला. रेघ तशीच आहे.

तुमच्या घरी एखादं लाकडी वाद्य असेल, मग ते गिटार असो, वीणा असो की पेटी, तर तीन गोष्टी सांभाळा. उन्हातल्या गाडीत ते ठेवू नका. सैल स्क्रूच्या जागी जाड स्क्रू पिळू नका. आणि भेग दिसली की आधी वाजवणं थांबवा, रंगाचा डबा उघडू नका. दुरुस्तीला दोन दिवस लागतात असं कारागीर म्हणाला, तर ते दोन दिवस त्याला द्या.