फुकट की विकत? आधी बघा, वेबसाइटची किल्ली कोणाकडे आहे

आजचा विषय थेट खिशाचा आहे. घरचा गूळ, मसाला, चप्पल, साज विकायला वेबसाइट करायची, तर वर्डप्रेससारखं ओपन सोर्स घ्यायचं, की विक्स-शॉपिफायसारखं महिन्याचे पैसे घेणारं? मी कोल्हापुरातला सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळं लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न माझ्या ताटात पडतो.

नवीन मंडळींसाठी एका वाक्यात सांगतो. सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, कोड न लिहिता मजकूर, फोटो, किंमत बदलता येते ती वेबसाइटची मागची खोली.

आता एक घडलेली गोष्ट. गुगल बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात छोटी वेबसाइट करता यायची. कितीतरी दुकानदारांनी ती केली. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या बंद केल्या. काही महिने जुन्या पत्त्यावर आलेला माणूस गुगलच्या प्रोफाइलवर वळवला जायचा. १० जूननंतर तेही थांबलं. म्हणजे पाटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेला पत्ता गेला. दुकानदाराची चूक काय? काहीच नाही. गाळा दुसऱ्याचा होता, मालकानं कुलूप लावलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की फुकट का विकत हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की उद्या इथून उठायचं ठरवलं, तर सोबत काय नेता येईल?

ओपन सोर्सची बाजू बघू. वर्डप्रेस २००३ पासून आहे, जीपीएल लायसन्सवर आहे. जगातल्या दर १० वेबसाइटपैकी साधारण ४ त्यावर चालतात. होस्टिंगवाला महाग झाला, तर फाइली आणि डेटाबेस उचलायचा, दुसरीकडं ठेवायचा. फक्त एक गोंधळ टाळा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही त्यावर उभी असलेली कंपनीची सेवा. दोन्ही एक नाहीत.

पण सॉफ्टवेअर फुकट म्हणजे वेबसाइट फुकट नव्हे. डोमेन, होस्टिंग, बॅकअप, अपडेट, सगळं तुमच्या गळ्यात. जागा स्वतःची असली की पत्रा गळला तरी आपणच वर चढायचं. चाळीस प्लगइन टाकून वर्षभर अपडेट केलं नाही, तर हॅकरला तुम्हीच चहाला बोलावलंय.

मराठीतलंच उदाहरण घ्या. मायबोली, मिसळपाव या मराठी साइट ड्रुपलवर वाढल्या. ड्रुपलही ओपन सोर्सच. लाखो मराठी प्रतिसाद अशा साइटवर साठले. पण ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ७ वरून पुढं जाणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, जवळपास नव्यानं घर बांधणं. म्हणजे ओपन सोर्समध्येही राबणारा माणूस लागतोच.

भांडणंही होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेस आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं इतकं बिनसलं, की त्या कंपनीच्या ग्राहकांना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून अपडेट मिळणं अडलं. डिसेंबरमध्ये कोर्टाच्या आदेशानं ते सुरू झालं. पण या काळात त्या साइट बंद पडल्या नाहीत, कारण कोड त्यांच्याकडंच होता. फरक इथं आहे.

आता विकतची बाजू. शॉपिफायवर संध्याकाळी बसलात तर रात्री दुकान उभं राहतं. सिक्युरिटी त्यांची, सर्व्हर त्यांचा. मात्र भाडं दर महिन्याला, आणि बाहेरचा पेमेंट गेटवे जोडला की त्याच्या फीवर शॉपिफायचीही टक्केवारी. प्रॉडक्ट आणि ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येते, डिझाइन मात्र तिथंच राहतं. विक्स तर स्वतःच सांगतं, की तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास टीप. वर्डप्रेसमध्ये शीर्षक देवनागरीत दिलं की लिंकही देवनागरीत होते. आत मात्र देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह नऊ कॅरेक्टर खातं, आणि मर्यादा २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ चिन्हांनंतर लिंक कापली जाते. व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांची खिन्हीं-खुणांची माळ दिसते ती वेगळीच. म्हणून प्रकाशित करण्याआधी लिंक छोट्या रोमन अक्षरांत बदला.

मग घ्यायचं काय? माझा हिशोब सांगतो. वीस-तीस प्रॉडक्ट आहेत, घरात तांत्रिक माणूस नाही, ऑर्डर लगेच हव्यात, तर विकतचं घ्या, लाजू नका. लेख, बातम्या, पाककृती असं वर्षानुवर्षं साठणारं काही असेल, तर वर्डप्रेस. दुकान आणि लेख दोन्ही असेल, आणि सांभाळायला एखादा भरवशाचा पोरगा किंवा पोरगी असेल, तर वर्डप्रेसवर वूकॉमर्स. पण त्यांना दरवर्षी देखभालीचे पैसे द्या. साइट करून दिली, पुढं तुमचं तुम्ही, असा व्यवहार करू नका.

आणि काहीही घ्या, डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. साइट करणाऱ्याच्या नावावर नको, मग तो मित्र असला तरी.

हे एवढं का सांगतोय? जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि जगभर ओरड झाली. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, हे तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं. अशा दिवशी कोणीतरी फोनवर ‘कोल्हापुरी’ शोधतं. ते चप्पल लाइनमधल्या दुकानापर्यंत पोचतं की कुठल्या तरी बड्या विक्रेत्याकडं, हे आपला पत्ता जिवंत आहे का, यावरही ठरतं.

तर आज रात्री दोनच कामं करा. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा, आणि ग्राहकांची, प्रॉडक्टची यादी डाउनलोड करून ठेवा. यातलं एक जरी जमलं नाही, तर साइट करून देणाऱ्याला उद्या सकाळीच फोन लावा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बॅकअप घेत राहा!