पात्यांची कल्हई

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. भांडं तेच, पण त्याचा भरवसा संपतो. विमानांच्या इंजिनांच्या दुरुस्तीत माझी नोकरी गेली आणि तिथंही मी हेच शिकलो.

जेट इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर आदळणाऱ्या वायूचं तापमान १५०० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. पाती निकेलच्या मिश्रधातूची. हा धातू साधारण १३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. मग पाती टिकतात कशी? ती आतून पोकळ असतात, त्यांतून तुलनेनं थंड हवा खेळवतात. आणि बाहेरून असतो झिर्कोनियाचा, म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाचा लेप. जाडी फार तर पाव मिलिमीटर; पण तेवढ्यानं धातूचं तापमान शंभरएक अंशांनी उतरू शकतं.

नुसता झिर्कोनिया तापता-निवताना तडकतो. म्हणून त्यात वजनानं सात-आठ टक्के यिट्रिया मिसळतात. अमेरिकेच्या 'नासा'त १९७०च्या दशकात झालेल्या कामातून हे मिश्रण पुढं आलं.

लेप आणि धातू यांच्यामध्ये ॲल्युमिनियमयुक्त अस्तर असतं. त्यावर ॲल्युमिनाचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो धातूला प्राणवायूपासून वाचवतो. पण वापरागणिक हा पापुद्रा जाड होतो आणि शेवटी भिंतीचे पोपडे पडावेत तसा वरचा लेप सुटतो. हवेतली धूळही वितळून लेपात मुरते आणि त्याचं आयुष्य कमी करते.

एकदा तपासणीत एका पात्याच्या कडेला लेप उडालेला दिसला. पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा डाग थोडासाच मोठा होता. इंजिन दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. "एवढ्यानं काय होतंय?" साहेब म्हणाले. मी पुस्तिका त्यांच्यापुढं ठेवली आणि पातं बाजूला काढलं. इंजिन उशिरा गेलं, मी बोलणी खाल्ली. ते पातं तसंच बसवलं असतं तर काय झालं असतं, हे मला कधीच कळलं नाही. त्याचं मला समाधानच वाटतं.

खालचा धातू शाबूत असेल, तर जुना लेप उतरवून नवा चढवता येतो. धातूच जळाला, तर मात्र पातं भंगारात जातं. कल्हईवाल्याला हाक मारायची ती भांडं कळकवायला लागण्याआधी.