अनोळखी माणसांचे ऋण



काही वर्षांपूर्वी आम्ही पतीपत्नी आणि दोन मुले अजमेरहून जयपूरला सायकलींनी निघालो. सुमारे १३० किलोमीटरचा तो प्रवास. किशनगढ, दूदू, बगरू मागे टाकून तिसऱ्या सायंकाळी जयपूरच्या सोडाला भागात शिरलो, तोच धाकटीच्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या.

सायकल दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ दुकान बंद करीत होते. आम्हांला पाहून त्यांनी कुलूप पुन्हा उघडले. चाक सरळ होईपर्यंत शेजारच्या घरातून गरम रोट्या आल्या. धाकटीने ताटाला हात लावला नाही. ‘अनोळखी माणसाकडून काही घ्यायचे नाही,’ हे मीच तिला शिकविले होते. त्या घरातील आजींनी ते ओळखले. त्यांनी त्याच रोटीचा तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला. मग मुलगी जेवली. माझी मान मात्र खाली गेली. गृहस्थांनी फक्त तारांचे पैसे घेतले.

मुलांना सावधपणा शिकवावाच. पण विश्वासाने घेणेही शिकवावे. पाणपोईवर पाणी घालणारा नाव विचारीत नाही, तरी ओंजळ आपल्यालाच पुढे करावी लागते.

६० वर्षांपूर्वी ज्यांनी या शाळेला हातभार लावला, त्यांच्यासाठी आपणही अनोळखीच होतो. त्यांचे ऋण त्यांना परत करता येणार नाही. या दारातून उद्या येणाऱ्या अनोळखी मुलासाठी ते आपण फेडावे, एवढीच विनंती.